थँक्सगिव्हिंगला आभार मानायचे तर कुणाचे आणि कसे

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून दोन प्रश्न हमखास ऐकू येतात, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इथल्या आभार मानायच्या सणाच्या, सुट्टीत कुठे जायचं आणि टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) करायची की नाही. मी चौदा वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये राहतेय, त्यातली पहिली बरीच वर्षं माझेही हेच दोन प्रश्न होते, गुरुवारी उशिरापर्यंत झोपायचं, संध्याकाळी चार घरं मिळून पनीर-बिनीर करायचं आणि शुक्रवारी सेल. सण म्हणून तो दिवस आम्ही कधी धरलाच नव्हता. आता धरतो, आणि दरवर्षी इकडे नवीन आलेल्या एक-दोन मुली विचारतातच की तुमच्याकडे नेमकं करतात काय, म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

सुरुवात झाली २०२३ ला. त्या वर्षी थँक्सगिव्हिंग २३ नोव्हेंबरला आलं आणि कार्तिकी एकादशीही नेमकी त्याच दिवशी. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, लातूरकडून आले होते, त्यांनी एकादशी आयुष्यात मोडलेली नाही, मग सगळ्यांनीच उपास धरला. टेबलावर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, उकडलेली रताळी, राजगिऱ्याची खीर. धाकटीनं शाळेतून एक पद्धत शिकून आणली होती, इकडे काही घरांत ताटात मक्याचे पाच दाणे ठेवतात आणि एकेका दाण्यामागे एकेक आभार मानतात, तसं तिला करायचं होतं. उपासाला मका चालत नाही म्हणून दाणे खायचे नाहीत, नुसते हातात धरायचे असं ठरलं. मामांनी ते तळहातावर घेतले, अंगठ्यानं जरा इकडेतिकडे सरकवून बघितले, बियाणं बघतात ना तसे, आणि विचारलं, "हे कोणाच्या रानातलं गं?"

ती म्हणाली दुकानातलं. "दुकानात कोणाच्या रानातनं आलं?" आता ह्याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. मोठ्या मुलानं टॅब आणला आणि मक्यापासून शोधायला सुरुवात केली, मग सगळे ताटातल्या एकेका पदार्थाला लागले. मका मेक्सिकोतल्या लोकांनी हजारो वर्षं निवडून निवडून तयार केलेला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा पेरूकडच्या डोंगरातला. हिरवी मिरची परत मेक्सिकोकडचीच, आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या जहाजातून आली. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा ब्राझीलकडचा. रताळंही इकडचंच आणि राजगिराही. विठोबाला दाखवायच्या त्या ताटातलं दूध, तूप, जिरं, साखर सोडली तर बाकी सगळं ह्या अमेरिका खंडांतल्या मूळच्या लोकांनी पहिल्यांदा पिकवलेलं निघालं. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपली एकादशी ह्यांच्या रानावर चालतीय," आणि त्यांनी हात जोडले. मी इतकी वर्षं इथे राहून जे केलं नव्हतं ते त्यांनी सहा आठवड्यांच्या मुक्कामात केलं.

तेव्हापासून आमच्या घरी ह्या दिवसाचा नियम एकच आहे, ताटातली वस्तू उचलायची, हे कोणाच्या रानातलं ते विचारायचं, आणि जो सापडेल त्याचं नाव घेऊन आभार मानायचे. बाकी सगळं ह्याच्याभोवती बसवायचं.

आधी कालनिर्णय बघा

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं, १९४१ च्या कायद्यानं तसं पक्कं झालंय. आपला पंचांग मात्र पुढेमागे होतो, त्यामुळे दरवर्षी ऑक्टोबरातच दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून बघायचं. कधी कार्तिक असतो, कधी मार्गशीर्ष लागलेला असतो. २०२५ ला थँक्सगिव्हिंग २७ नोव्हेंबरला होतं आणि तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, म्हणजे महालक्ष्मीचं व्रत आणि हा सण एकाच संध्याकाळी. २०२६ ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे मार्गशीर्ष पार डिसेंबरात जातो, तेव्हा हा प्रश्न येणार नाही, त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले असतील, तर अंगणातल्या पणत्या काढू नका, तशाच राहू द्या. कॅनडात राहणाऱ्यांचं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतं, ते पुष्कळदा आपल्या कोजागिरीच्या म्हणजे नवान्न पौर्णिमेच्या आसपास येतं, त्यांनी तर नव्या तांदळाची खीर करून दोन्ही एकत्रच करावं, माझ्या मते ह्याहून चांगला योग नाही.

मार्गशीर्षातला गुरुवार आला तर घाबरू नका, उलट वेळ फार छान जुळते. नोव्हेंबरअखेर आमच्याकडे सव्वाचारलाच सूर्य मावळतो. सकाळी पाटावर तांदळाची रास घालून कलश मांडून घ्यायचा, बाहेर झाडांवर एक पान नसतं म्हणून पाच डहाळ्यांची आधीच सोय करायची, तुळस घरातल्या कुंडीतली, विड्याची आणि आंब्याची पानं इंडियन स्टोअरमध्ये मिळतात, पण ती सोमवारी-मंगळवारीच आणा, बुधवारी रांग लागते आणि संपतात. साडेचारला दिवा लावून कहाणी, आरती, नैवेद्य, आणि पाचला सगळे जेवायला. इकडची लोकं थँक्सगिव्हिंगचं जेवण दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी लवकरच जेवतात, त्यामुळे पाहुण्यांना वेळ अजिबात विचित्र वाटत नाही.

आणि सकाळी साडेआठला तिकडे फोन लावा, तेव्हा भारतात संध्याकाळचे सात वाजलेले असतात, दिवेलागणीची वेळ, घरचे सगळे एका जागी सापडतात.

मुलांना काय सांगायचं

शाळेत मुलांना एक गोड चित्र दाखवतात, उंच टोप्या घातलेले पिल्ग्रिम, म्हणजे इंग्लंडहून इथे राहायला आलेले लोक, आणि पिसं लावलेले 'इंडियन', म्हणजे इथले मूळचे लोक, एका टेबलावर हसत जेवतायत. आम्ही घरी थोडं जास्त सांगतो. १६२० च्या डिसेंबरात ह्या पिल्ग्रिमांचं मेफ्लॉवर जहाज आमच्याच राज्यातल्या प्लिमथला लागलं, त्यात १०२ प्रवासी होते आणि वसंत यायच्या आत त्यातले साधारण निम्मे मेले. ज्या जागी ते उतरले तिथे आधी वाम्पानोआग ह्या मूळच्या लोकांचं पटक्सेट नावाचं गाव होतं, १६१६ ते १६१९ च्या साथीत ते अख्खं गाव गेलं. त्या गावचा तिस्क्वांटम तेवढा जगला, कारण त्याला १६१४ मध्येच एका इंग्रज कप्तानानं पकडून स्पेनला विकायला नेलं होतं, तो सुटून परत आला तर गावात कुणीच नाही. ह्याच माणसानं त्या उपाशी परक्यांना मका लावायला शिकवलं, मातीत मासळीचं खत घालून. (कोकणात नारळाला मासळीचं खत घालतात, मालवणच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.) मग १६२१ ची सुगी झाल्यावर तीन दिवस जेवणं झाली, वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसॅसॉइट आपली नव्वदेक माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं आणली.

आणि पुढचंही सांगतो, लपवत नाही. पन्नासेक वर्षांत वाम्पानोआग आणि इंग्रजांत लढाई झाली, मॅसॅसॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ मध्ये मारला गेला आणि त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये खांबावर लावून ठेवलं. म्हणून १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला दुपारी प्लिमथच्या कोल्स हिलवर मूळचे लोक जमतात आणि तो दिवस शोकाचा दिवस म्हणून पाळतात. आम्ही एकदा ऑक्टोबरात मुलांना घेऊन त्या टेकडीवर गेलो होतो, मॅसॅसॉइटचा पुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे, मुलांनी चपला काढून नमस्कार केला, मी सांगितलं नव्हतं. काहीजण म्हणतात की मग असा सण करायचाच कशाला. मला वाटतं, ज्याचं खाल्लं त्याचं पुढे काय झालं हे माहीत असल्याशिवाय त्याचे आभार मानताच येत नाहीत, म्हणून सणही करायचा आणि हेही सांगायचं.

राष्ट्रीय सण तो पुढे झाला, सेरा जोसेफा हेल नावाच्या बाईंनी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली आणि १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकननी तशी घोषणा केली. भर युद्धात आभाराचा दिवस, हे मुलांना जरूर सांगा, सगळं छान चाललंय म्हणून आभार मानायचे असा काही नियम नाही.

टेबलाभोवती बोलायचं कसं

सगळ्यात अवघड काम हे आहे. आपल्याकडे घरातल्या घरात आभार मानायची पद्धतच नाही. आईला थँक यू म्हटलं तर ती म्हणते, "आभार कसले मानतेस, परकी आहेस का?" आणि ते खरंच आहे, आपल्याकडे उपकार फेडायचे असतात, ऋण मानायचं असतं, आभार फक्त सभेच्या शेवटी मानतात. त्यामुळे अमेरिकन घरात टेबलाभोवती एकेकजण 'आय ॲम थँकफुल फॉर' म्हणतो ते आपण जसंच्या तसं केलं की सगळे अवघडतात. आमच्या पहिल्या प्रयत्नात नवरा म्हणाला, "हेल्थ, फॅमिली, जॉब," दिरानं "सेम" म्हटलं आणि भाजी वाढायला घेतली.

आता आम्ही असं करतो. मक्याचे पाच दाणे प्रत्येकाच्या ताटाशेजारी छोट्या वाटीत ठेवायचे. पहिला दाणा देवाचा, तो उचलून नुसते डोळे मिटायचे, काही बोलायचं नाही, ज्याचा जो देव असेल त्याचं त्यानं बघावं. दुसरा रानाचा, ताटातली एक वस्तू धरायची आणि ती कुठून आली, कुणी पहिल्यांदा पिकवली, आत्ता कुणी तोडली, जेवढं माहीत असेल तेवढं सांगायचं. हा मुलांचा आवडता, ते आठवडाभर आधी शोधून ठेवतात. तिसरा अशा माणसाचा की ज्यानं आपण इथे नवीन असताना हात दिला. चौथा गेलेल्या माणसाचा. पाचवा टेबलावर बसलेल्यांपैकी कुणाचा तरी.

शब्दांचा नियम इतकाच की वर्षातला एक दिवस आणि एक काम सांगायचं. "तू खूप करतेस" असं नाही चालत. "मार्चमध्ये बर्फ पडला त्या सकाळी मी उठायच्या आत तू माझी गाडी साफ करून ठेवलीस," हे चालतं. आभारी आहे हा शब्द सुद्धा म्हणावा लागत नाही, काम सांगितलं की झालं, समोरच्याचा चेहराच सांगतो. मामांसारख्या माणसाला आधी बोलायला लावू नका, मुलांपासून सुरुवात करा आणि मोठ्यांकडे शेवटी या, तोवर त्यांना काहीतरी आठवलेलं असतं. मामा तिसऱ्या दाण्याला म्हणाले होते की त्यांना इथे हात देणारा म्हणजे रोज सकाळी फिरायला जाताना रस्त्यापलीकडून हात हलवणारा शेजारी, भाषा येत नाही पण एक दिवस मामा दिसले नाहीत तर तो दार वाजवून बघून गेला होता. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी घारगे घेऊन मामा स्वतः त्याच्याकडे गेले.

पाहुण्यांचा देव वेगळा असेल तर दोन्ही प्रार्थना होऊ द्या, पण कालवू नका. आमच्या शेजारच्या आजी सगळ्यांचे हात धरून डोळे मिटून ग्रेस, म्हणजे त्यांची जेवणाआधीची प्रार्थना, म्हणतात, तेव्हा आम्ही मान खाली घालून उभे राहतो, मग आम्ही वदनी कवळ म्हणतो तेव्हा त्या तशाच उभ्या राहतात. अर्थ समजावून सांगत बसायची गरज पडलेली नाही.

ताटात काय

इथली तीन मूळची पिकं, मका, घेवडा आणि भोपळा, ह्यांना इथले मूळचे लोक तीन बहिणी म्हणतात, एकत्र लावतात, मक्यावर वेल चढतो आणि भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. मामांना हे इतकं पटलं, ते म्हणाले आपल्याकडे तुरीत-ज्वारीत हेच करतात. तेव्हा ह्या तिघी ताटात हव्यातच. मक्याची उसळ, राजमा किंवा घेवड्याची भाजी, आणि भोपळ्याचे घारगे.

घारगे डब्यातल्या भोपळ्याचे उत्तम होतात. दुकानात १५ औंसाचा डबा मिळतो, त्यावर नुसता भोपळा लिहिलेलं बघून घ्या, शेजारीच 'पाय' ह्या इकडच्या गोड पदार्थासाठीचं (पारीत सारण भरून भाजतात तो) मसालेवालं सारण असतं ते नको. हा गर पातळ असतो, म्हणून आधी कढईत चमचाभर तुपावर दहाएक मिनिटं परतून आटवायचा, मग वाटीभर चिरलेला गूळ घालून विरघळेपर्यंत ढवळायचं आणि पूर्ण गार करायचं, गरम असताना पीठ घातलंत तर चिकट गोळा होतो आणि मग पीठ वाढत जातं. गार झाल्यावर चिमूट मीठ, जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक, साधारण अडीच-तीन वाट्या. पाणी अजिबात नाही. अर्धा तास झाकून ठेवा, पुरीपेक्षा जाड थापा, वर खसखस दाबा, मध्यम आचेवर तळा. मोठ्या आचेवर बाहेरून लगेच लाल होतात आणि आत कच्चे राहतात, गूळ आहे ना. पहिले पाच नैवेद्याचे.

क्रॅनबेरी आमच्या इथलीच, आग्नेय मॅसॅच्युसेट्समध्ये तिच्या बागा आहेत, ऑक्टोबरात शेतात पाणी सोडतात आणि फळं तरंगून वर येतात, अख्खं तळं कुंकवासारखं दिसतं, जमलं तर एकदा बघाच. अक्विनाचे वाम्पानोआग लोक ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी क्रॅनबेरीचा दिवस पाळतात. आम्ही तिचा मेथांबा करतो, कैरीसारखाच, फक्त गूळ थोडा जास्त.

टर्की आम्ही करत नाही, पण करणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा, गोठलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांना २४ तास लागतात, म्हणजे बारा पौंडांची असेल तर सोमवारीच काढा, आणि मांडीच्या जाड भागात १६५ फॅरनहाइट झाल्याशिवाय बाहेर काढू नका.

दुसऱ्यांकडे जेवायला बोलावलं असेल आणि तुम्ही शाकाहारी असाल तर आठ दिवस आधी सांगा, टेबलावर बसल्यावर नाही. स्टफिंग (टर्कीत भरायचं पावाचं सारण) आणि ग्रेव्हीत बहुतेक वेळा मांसाचं पाणी असतं, रताळ्यावरच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, पायच्या पारीत कधीकधी डुकराची चरबी असते, हे नम्रपणे विचारलं तर कुणालाही राग येत नाही. ओव्हन लागेल असं काही घेऊन जाऊ नका, त्या दिवशी त्यांच्या ओव्हनला सकाळपासून क्षणाची उसंत नसते.

बाजूला काढायचा घास

आई रोज पहिली पोळी गाईची काढायची. इथे गाय कुठून आणणार, म्हणून आम्ही फूड पँट्रीचा, म्हणजे गरजूंना फुकट धान्य-सामान देणाऱ्या केंद्राचा, खोका भरतो, पण त्यातही एक शिकलो. गुरुवारी जाऊन उपयोग नाही, त्यांना सामान दोन आठवडे आधी लागतं, म्हणून दिवाळीचा फराळ संपला की लगेच फोन करून काय हवंय ते विचारायचं. आपण दरवेळी तांदूळ आणि डाळ नेतो, त्यांना कधी तेल हवं असतं, कधी लहान मुलांचे डायपर. पैसे दिले तर ते त्यातून आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आणू शकतात. मुलांना खोका उचलायला न्या, पण फोटो काढू नका, तिथे रांगेत उभी असलेली माणसं असतात, त्यात आपल्या शाळेतलं कुणी असू शकतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही सेलला जात नाही. मक्याचे दाणे एका बरणीत भरून देवघरात ठेवतो आणि मे महिन्यात मागच्या अंगणात लावतो. ह्यासाठी बियाण्याचेच दाणे आणा, लाह्यांचे किंवा गोठवलेले नकोत. पहिल्या वर्षी चार ताटं आली, कणसं हाताएवढी पण नव्हती, मामांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाले दाटी केलीस, पुढच्या वर्षी हातभर अंतर सोड, आणि एका ओळीत लावू नको, चौकोनात लाव म्हणजे दाणा नीट भरेल.

आणि घारगे ठरवलेत त्यापेक्षा डझनभर जास्तच करा. शेजारच्या आजी दरवर्षी भोपळ्याचा पाय काचेच्या ताटलीत घेऊन येतात, ताटली आपल्याकडेच राहते, ती धुऊन पुसून रिकामी परत नेता येत नाही ना.